खेळयंत्राचें बटण आणि दोन तारा



आज ज्या कामाविषयीं मी बोलणार आहें, तें पाहावयास फार क्षुल्लक आहे. मुलांच्या हातांत मावणारें एक खेळयंत्र उघडावयाचें, त्याच्या पोटांत दोन ठिकाणीं केसासारख्या दोन तारा कथलाच्या थेंबानें सांधावयाच्या, आणि यंत्र पुन्हा मिटवावयाचें. कसबी कारागिराला या कामास अर्धा तास पुरतो. मला दोन रविवार लागले. तें काम मीं कां केलें हें प्रथम सांगितलें पाहिजे. नाहीं तर मुलांच्या खेळण्यापायीं आपला एवढा वेळ कां घ्यावा, असा प्रश्न आपल्या मनांत येईल, आणि तो अयोग्य म्हणतां येणार नाहीं.

माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा बारा वर्षांचा आहे. दोन वर्षांपूर्वीं सायकलवरून पडून त्याच्या उजव्या खांद्यांतील मज्जातंतु दुखावले. जखम भरली, परंतु बोटांची हालचाल परत आली नाहीं. तो डाव्या हातानें लिहावयास शिकला, जेवूं लागला, सदऱ्याचीं बटणेंहि एका हातानें लावूं लागला. कुरकुर त्यानें कधीं केली नाहीं. फक्त एक गोष्ट त्यानें गुपचूप सोडून दिली. घरांत त्याच्या वडिलांच्या शाळकरी वयांतलें एक खेळयंत्र होतें. तें तो आणि त्याची धाकटी बहीण पाळीपाळीनें खेळत असत. अपघातानंतर बहीण खेळे आणि हा शेजारीं बसून पाही. तिचा डाव संपला म्हणजे ती यंत्र त्याच्यापुढें करी, आणि तो म्हणे, "राहूं दे, तूंच खेळ."

हें यंत्र क्योतो येथील निंटेंडो कंपनीचें. नांव 'गेम बॉय ॲडव्हान्स'. जपानांत तें २००१ सालच्या मार्च महिन्यांत विक्रीस आलें, आणि पुढें त्याच्या सर्व प्रकारांचे मिळून आठ कोटींहून अधिक नग जगभर खपले. त्याचें उत्पादन केव्हांच बंद पडलें. तरी कपाटांच्या वरच्या फळीवर, जुन्या ट्रंकांत तीं यंत्रें अजून निघतात, आणि दोन पेन्सिल-सेल घातले कीं बहुधा चालूहि होतात. आकार पोस्टकार्डाएवढा. मध्यें पडदा, डावीकडे अधिक-चिन्हासारखी चार दिशांची कळ, उजवीकडे 'ए' आणि 'बी' हीं मुख्य बटणें, वरच्या कडेला दोन्ही खांद्यांवर 'एल' आणि 'आर', शिवाय 'स्टार्ट' आणि 'सिलेक्ट'. चार दिशा धरून बटणें एकंदर दहा.

ही अधिक-चिन्हाची कळ गुनपेई योकोई या निंटेंडोच्या कल्पक गृहस्थानें १९८२ सालीं 'डाँकी काँग' नांवाच्या एका खिशांतल्या खेळासाठीं योजिली. खेळघरांतील मोठ्या यंत्रांवर दिशा दाखविण्यास उभा दांडा असे. दांड्याचें यंत्र खिशांत मावत नाहीं, म्हणून ही चपटी कळ आली. तेव्हांपासून हातांतील यंत्रांचा जणूं दंडकच पडला कीं, डाव्या अंगठ्यानें दिशा दाखवावी आणि उजव्यानें कृति करावी. ही वांटणी इतकी सोयीची आहे कीं तिच्यांत कांहीं गृहीत धरलेलें आहे हें कोणाच्या ध्यानांतहि येत नाहीं. ज्याला एकच अंगठा हलवितां येतो, त्याच्या वांट्याला अर्धेंच यंत्र येतें.

आतां बटण दाबलें म्हणजे घडतें काय? आपली समजूत अशी कीं बटण कांहीं तरी करतें. वास्तविक तें जवळ जवळ कांहींच करीत नाहीं. 'ए' बटणाखालीं रबराची एक लहान टोपी असते, आणि तिच्या आंतल्या बाजूस काळी, वीजवाहक अशी टिकली असते. खालच्या फलकावर दोन वाहक पट्ट्या, दोन हातांचीं बोटें एकमेकांत घालावींत पण शिवूं देऊं नयेत, अशा बसविलेल्या असतात. टिकली त्यांच्यावर टेंकली कीं त्यांच्यामधील फट सांधली जाते. बोट उचललें कीं फट पुन्हा मोकळी. बटणाचा सारा संसार एवढाच.

या यंत्रांत प्रत्येक फटीची एक बाजू सेलच्या ऋण टोंकाशीं जोडलेली आहे. या बाजूला कारागीर 'ग्राउंड' म्हणतात. दुसरी बाजू यंत्राच्या मुख्य चिपकडे जाते, आणि तिच्यावर यंत्र स्वतःच सुमारें ३.३ व्होल्टचा दाब ठेवतें. फट मिटली कीं तो दाब शून्यावर येतो. खेळ बहुधा दर सेकंदास साठ वेळां या दहा तारांकडे पाहतो. एखादीवर शून्य दिसलें कीं तें बटण दाबलें असें धरून चालतो. फट कोणीं मिटविली, कोठें मिटविली, अंगठ्यानें कीं कोपरानें, हें चिपला कळण्यास मार्गच नाहीं. म्हणून फटीच्या दोन्ही बाजूंना एकेक तार जोडून त्या तारा बाहेर आणिल्या आणि त्यांच्या टोंकाशीं दुसरी कोणतीहि कळ बसविली, तर ती कळ हेंच तें बटण झालें. ती टेबलाखालीं ठेवा, खुर्चीच्या पाठीला बांधा, हनुवटीखालीं धरा. मूळचें बटणहि पूर्वींसारखेंच चालतें, कारण फट दोहोंपैकीं कोणत्याहि जागीं मिटली तरी परिणाम एकच. मला हें फार महत्त्वाचें वाटलें. भावासाठीं यंत्र बदलतांना बहिणीचा खेळ मोडावयाचा नव्हता.

सुदैवानें या फलकावर कारखान्यांतील तपासणीसाठीं प्रत्येक बटणाच्या तारेवर धातूचा एक उघडा गोल ठिपका सोडलेला आहे, आणि त्याच्याजवळ बारीक रोमन अक्षरांत 'टी. पी.' व एक आंकडा छापलेला आहे. शून्य म्हणजे 'ए', एक म्हणजे 'बी', दोन 'सिलेक्ट', तीन 'स्टार्ट'. चार ते सात अनुक्रमें उजवी, डावी, वरची व खालची दिशा. आठ 'आर' आणि नऊ 'एल'. भिंग घेऊन पाहिलें म्हणजे हे ठिपके सांपडतात.

हा सोपेपणा मात्र सर्वत्र गृहीत धरूं नये. याच कंपनीच्या १९८९ सालच्या मूळ 'गेम बॉय'मध्यें बटणें आठ आहेत, पण त्यांच्यासाठीं चिपपर्यंत तारा सहाच. त्यांपैकीं दोन तारा आळीपाळीनें विचारणा करतात, एक चार दिशांची आणि दुसरी उरलेल्या चार बटणांची. बाकीच्या चार तारा उत्तर आणतात. 'उजवी दिशा' आणि 'ए' या दोघांच्या उत्तराची तार एकच आहे. अशा यंत्रांत कोणी नव्या यंत्राच्या सवयीनें ती तार ग्राउंडला टेंकविली, तर दोन्ही प्रश्नांना 'होय' असें उत्तर जातें, आणि खेळांतला गडी उडी मारतां मारतां आपण होऊन उजवीकडे धांवत सुटतो. तेथें ग्राउंड विसरून प्रत्येक बटणाच्या दोन्ही बाजूंच्या तारा स्वतंत्रपणें बाहेर आणाव्या लागतात. फलकाची रचना समजून घेतल्यावांचून आयर्न तापवूं नये.

आयर्न म्हणजे सोल्डरिंग आयर्न, टोंकाशीं विजेनें तापणारी सळई. आणि सोल्डर म्हणजे आपला डाखच. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत तो तारेच्या रिळावर मिळतो. त्यांत ६३ भाग कथील आणि ३७ भाग शिसें असा प्रकार मिळाला तर नवशिक्यानें तोच घ्यावा. याचें कारण ऐकण्यासारखें आहे. नुसतें कथील २३२ अंश सेल्सियसला वितळतें, नुसतें शिसें ३२७ अंशांना. परंतु या प्रमाणांत तीं एकत्र आलीं कीं मिश्रण १८३ अंशांनाच वितळतें, आणि विशेष हें कीं तें एकदम वितळतें व एकदम गोठतें. इतर प्रमाणांत द्रव आणि घन यांच्या मध्यें एक लापशीसारखी अवस्था येते. त्या वेळीं हात हलला तर सांधा आंतून भेगाळतो. ६३-३७ मध्यें ती अवस्थाच नाहीं, त्यामुळें थरथरत्या हाताचे पुष्कळ अपराध पोटांत घातले जातात. शिसें विषारी आहे हें मात्र विसरूं नये. काम संपल्यावर हात साबणानें धुवावे, आणि कामाच्या टेबलावर चहाचा कप ठेवूं नये. युरोपीय संघानें २००६ सालापासून नव्या विद्युत् उपकरणांत शिशाच्या वापरावर निर्बंध घातले आणि बिनशिशाचा डाख रूढ झाला. तो वितळण्यास २१७ अंश किंवा अधिक उष्णता लागते, आणि स्वभावानें तो थोडा हट्टीच आहे.

डाख चिकटतो असें आपण म्हणतों, पण तो गोंदासारखा चिकटत नाहीं. वितळलेलें कथील तांब्याशीं संयोग पावून दोहोंच्या मध्यें एक अतिशय पातळ नवा थर निर्माण करतें. सांधा म्हणतात तो या थरालाच. तांब्यावर हवेनें चढलेली मळी असली तर कथील तांब्यापर्यंत पोंचत नाहीं आणि अळवाच्या पानावरील पाण्यासारखें गोळा होऊन घरंगळतें. आळींत कल्हईवाला येत असे, तेव्हां तो काय करी हें आपणांपैकीं पुष्कळांनीं पाहिलें असेल. पातेलें चांगलें तापलें कीं तो त्यांत नवसागराची पूड टाकी, पांढरा धूर उठे, आणि मग कथील फिरवितांच पातेलें चांदीसारखें लखलखूं लागे. नवसागराचें काम मळी काढण्याचें. परंतु हा दाखला येथें दाखल्यापुरताच घ्यावा. नवसागर फलकावर राहिला तर मळीमागून तारहि खातो. फलकाच्या कामाला राळ वापरतात. तापली असतां ती आम्लासारखी वागून मळी दूर करते, आणि थंड झाल्यावर कांचेसारखी निमूट पडून राहते. सोल्डरच्या तारेच्या पोटांत ती बहुधा भरलेलीच असते. तिचा धूर मात्र बाधक आहे. वर्षानुवर्षें हें काम करणाऱ्यांना त्यानें दमा जडल्याचें आढळलें आहे. खिडकी उघडी ठेवावी, आणि तोंड कामाच्या नेमकें वर आणूं नये.

प्रत्यक्ष कामाची रीत अशी. प्रथम सेल काढावे. मागील स्क्रू तीन पात्यांच्या खांचेचे आहेत. त्यांस निराळा स्क्रू-ड्रायव्हर लागतो, आणि तो न आणतां साध्यानें बळजबरी केल्यास खांच झिजून यंत्र उघडण्याचा मार्गच बंद होतो. सेलच्या कप्प्यांतला एक तेवढा साध्या अधिक-चिन्हाचा. पडद्याची पट्टी फलकावरील ज्या खोबणींत शिरते, तिच्या टोंकांना दोन इवल्याशा कड्या आहेत. त्या नखानें सरकवाव्या, ओढूं नयेत. तार पाव मिलिमीटर जाडीची पुरे, कारण येथें वाहणारा प्रवाह नांवापुरताच असतो. तारेच्या टोंकाला आधीं डाख पाजावा, ठिपक्यावरहि एक लहान थेंब ठेवावा, मग तार थेंबावर टेंकवून आयर्नचें टोंक एक-दोन सेकंद लावावें. दोन्ही थेंब एक झालेले डोळ्यांना दिसतात. आयर्न उचलावें, पण तार धरलेला हात मनांत तीनपर्यंत आंकडे मोजून होईतों हलवूं नये. नवशिका बहुधा याच्या उलट करतो; आयर्नवरच डाख वितळवितो आणि भिंतीला चुना लावावा तसा तो ठिपक्यावर पुसतो. थेंब वरून बसलेला दिसतो, पण खालचें तांबें थंड असल्यामुळें सांधा झालेलाच नसतो, आणि पहिल्या धक्क्याला तार सुटून येते.

येथें एक इशारा. हें यंत्र साध्या सेलवर चालतें म्हणून तें शिकाऊ हाताला योग्य. २००३ सालच्या त्याच्याच घडीच्या आवृत्तींत आणि आजच्या बहुतेक यंत्रांत लिथियमची बॅटरी असते. तिला आयर्नचा चटका किंवा स्क्रू-ड्रायव्हरचें टोंक लागलें तर आग लागूं शकते. पहिला धडा त्यांवर गिरवूं नये.

मीं स्वतः जी चूक केली ती अति काळजीची होती. सांधा पक्का व्हावा म्हणून मीं आयर्न आठ-दहा सेकंद दाबून धरलें. फलकावरील तांब्याचा थर साधारणतः ३५ मायक्रोमीटर जाडीचा, म्हणजे मिलिमीटरचा सुमारें तिसावा भाग असतो, आणि ज्या द्रव्यानें तो फलकाला धरलेला असतो तें अति तापलें कीं धरलेलें सोडतें. मीं तार किंचित् हलविली, आणि 'टी. पी. ०' चा ठिपका पिकल्या पानासारखा तारेबरोबर वर आला. भाचा शेजारीं डाव्या हातांत भिंग धरून उभा होता. तो कांहीं बोलला नाहीं. त्यानें भिंग टेबलावर ठेवलें आणि बाहेर गेला. यंत्र त्याच्या वडिलांचें, बाजारांत नवें मिळण्याजोगें नाहीं, आणि आशा मीं लाविलेली. तो आठवडा मला बरा गेला नाहीं.

बटणाखालच्या पट्ट्यांनाच तार जोडावी असा विचार प्रथम सुचला, परंतु त्या पट्ट्यांवर काळ्या कार्बनचा लेप असतो आणि कार्बनवर डाख बसत नाहीं. मग भिंगाखालीं ठिपक्यापासून निघालेली बारीक वाट शोधीत गेलों. ठिपका गेला होता, पण बटणाकडून चिपकडे जाणारी तार शाबूत होती. मल्टिमीटरनें तशी खात्री करून घेतली. दुसऱ्या रविवारीं त्या वाटेवरील हिरवा लाखेसारखा थर पात्यानें दोन मिलिमीटर लांबीपुरता हलके हलके खरवडला. खालीं तांब्याची गुलाबी रेघ चमकली. तिच्यावर राळ, मग डाखाचा कण, मग तार. आणि या वेळीं दोन सेकंदांहून अधिक नाहीं. ग्राउंडची तार सेलच्या ऋण टोंकाच्या जाड पत्र्याला लाविली. तेथें तांबें भरपूर असल्यामुळें उलट अधिक उष्णता द्यावी लागली.

सांधे बहुधा तुटतात ते डाख वाईट म्हणून नव्हे, तर तार ओढली जाते म्हणून. मुलाच्या पायांत तार अडकणार हें धरूनच चालावें. म्हणून सांध्यापासून बोटभर अंतरावर तार फलकाला गरम गोंदाच्या थेंबानें बसविली. यंत्राच्या कडेला कानशीनें एक बारीक खांच केली, आणि खांचेच्या आंतल्या बाजूस तारेला गांठ मारली. आतां कोणीं हिसका दिला तर तो गांठीला बसतो, सांध्याला नाहीं. बाहेर वीतभर तारेची शेंपटी सोडून तिच्या टोंकाला ३.५ मिलिमीटरचा एकसुरी जॅक लाविला.

हाच जॅक कां, हें सांगतों. अपंगांसाठीं ज्या बाह्य कळा बनतात, त्यांच्या तारांना याच मापाची खुंटी लावण्याची रीत जगभर पडलेली आहे. २०१८ सालीं मायक्रोसॉफ्टनें अशा खेळाडूंसाठीं जो नियंत्रक काढला, त्याच्या पाठीवर याच मापाचीं १९ भोकें आहेत. २०२३ सालच्या सोनीच्या नियंत्रकालाहि तशीं चार आहेत. आज ना उद्यां भाच्याला तयार कळ घेऊन द्यावयाची झाली तर ती याच शेंपटीला बसेल. एक गोंधळ मात्र टाळावा लागतो. या खेळयंत्राला कानांत घालावयाच्या श्रवणीसाठीं त्याच मापाचें भोंक मुळांतच आहे. म्हणून मीं शेंपटीला लाल फीत गुंडाळली.

कळ म्हणून मीं दारावरच्या घंटेचें साधें बटण घेतलें. तें दाबल्यावर फट मिटवितें आणि सोडल्यावर मोकळी करतें. आपल्याला हवें तें एवढेंच. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लींत तें, तार, जॅक आणि राळ हें सारें एकाच फेरींत मिळतें. बटण एका जुन्या पाटावर बसवून त्यावर बिजागरीची एक लहान फळी लाविली, म्हणजे पाऊल कोठेंहि पडलें तरी तें दाबलें जाईल. यंत्र टेबलावर तिरप्या लांकडी ठोकळ्याला टेंकवून ठेविलें. डावा अंगठा दिशांसाठीं मोकळा, उजवें पाऊल पाटावर.

पहिला खेळ म्हणून 'टेट्रिस' निवडला, कारण हें यंत्र जुन्या 'गेम बॉय'च्या पट्ट्याहि चालवितें, आणि त्या खेळांत वरून पडणाऱ्या विटा फिरविण्यास 'ए' हें एक बटण भागतें. उलट दिशेला एकदां फिरविण्याऐवजीं सुलट दिशेला तीनदां फिरवावें, इतकेंच. पहिले चार डाव तो हरला. पाऊल अंगठ्याएवढें चपळ नाहीं. वीट फिरावयाची ती खालीं बसल्यावर पाट वाजे. त्याची बहीण शेजारीं बसून "आतां! आतां!" असें ओरडत होती. पांचव्या डावांत तो सलग चार ओळी एकदम उडवून गेला, तेव्हां घरांतलीं सर्व माणसें टेबलाभोंवतीं जमलेलीं होतीं, आणि बहिणीची पाळी कधींच येऊन गेली होती. ती तक्रार करूं लागली. त्यानें पाट तिच्याकडे सरकवून पाहिला. पण तिनें तो नको म्हणून यंत्र हातांत घेतलें आणि अंगठ्यानेंच खेळली, लाल फितीची शेंपटी मनगटावर टाकून.

मी सामान आवरीत होतों, तेव्हां तो जवळ आला आणि म्हणाला, "मामा, डावा पाय रिकामाच आहे."

पुढच्या रविवारीं 'टी. पी. १' चें काम हातीं घ्यावयाचें ठरलें आहे. या खेपेस आयर्न तो धरणार आहे, आणि भिंग मी.